शिडी कोणीतरी धरलेली असू दे

साखळी

चि. दामोदर यास अनेक आशीर्वाद.

विठूने काल म्हापशाहून पाटीचा फोटो पाठवला. वर आपलं आडनाव, खाली ‘घरदुरुस्ती व बागकाम’. आईने तो काकींना दाखवला, मग आमच्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नसल्यागत पुन्हा मलाच दाखवला. रविवारी तू ताटावरून उठून गेलास, त्याबद्दल ती काही बोलत नाही. मीही काढणार नाही. फोनवर आपला आवाज चढतो, म्हणून लिहितो.

धंद्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. आसगाव, शिवोली, हळदोणे, सगळीकडे बंद घरं. मालक कोणी मुंबईला, कोणी दिल्लीला, कोणी लंडनला. मिरगाआधी कौलं परतायला, पन्हळीतला पाला काढायला माणूस मिळत नाही, आणि नारळ उतरवणारा पाडेली तर विचारूच नको. चवथीला येणाऱ्यांना अंगण स्वच्छ हवं असतं. हॉटेलात एवढी वर्षं तू पंपापासून नळापर्यंत सगळं सांभाळलंस, तुला काम मिळणारच. मे महिन्यात तुम्हाला जेवायला वेळ मिळणार नाही. मला त्या मे महिन्याचीच धास्ती आहे. ढग दिसले की प्रत्येक मालकाला आजच माणूस हवा असतो, आणि घाईत शिडी धरायला कोणी थांबत नाही.

शिडीचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तू लहान होतास, मी विजेच्या लाइनवर कामाला होतो, तेव्हाची गोष्ट. धो धो पाऊस, गावात अंधार, लाइन आम्हीच बंद केलेली. तरी तारेला हात लागताच मला झटका बसला. वाड्यावरच्या एका घरात जनरेटर चालू होता, बाहेरची लाइन तोडून जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नव्हता, त्यांची वीज उलटी आमच्या तारेत आलेली. माझे पाय सुटले. कमरेला पट्टा होता, खाली बाळामामा दोन्ही हातांनी शिडी धरून होता, म्हणून मी राहिलो. आईला तेव्हा सांगितलं नाही. पाय मुरगळला म्हणालो. आताही तिला हे कळू देऊ नको.

म्हणून सांगतो, नुसता मेन स्विच पाडला म्हणजे घर बंद झालं असं धरू नको. आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत, तोही बंद कर, टेस्टर लाव, मगच हात घाल. तारेजवळच्या फांद्या वीज खात्याला कळवल्याशिवाय छाटू नका. पूर्ण झाड पाडायचं असेल तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, मालक कितीही ‘मी बघतो’ म्हणो. गवत कापताना चष्मा आणि गमबूट. घोणस पाचोळ्यात दिसत नाही. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, तिथे शिडी टेकवू नको. चार फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट बाहेर. आणि खाली माणूस.

पुन्हा तेच झालं. तू चाळीशीकडे आलास, तुला हे सगळं ठाऊक आहे. रागावू नको.

खरं सांगायचं तर भीती तुझ्यापेक्षा विठूची आहे. तो तुला कधी नाही म्हणणार नाही. लहानपणी तू सांगितलंस म्हणून मागच्या पोफळीवर चढला होता, आणि उतरता येईना तरी रडला नाही, वरूनच ‘दादा, झालं?’ विचारत होता. आजही तू ‘चढ’ म्हणालास की तो चढेल. रविवारी मी तेवढंच म्हणत होतो. तुला वाटलं मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. तो वर असेल तेव्हा तू खाली असायला हवंस. ग्राहकाचा फोन आला तर वाजू दे.

हिशेबाचं थोडक्यात. बँक खातं वेगळं काढा. लहान धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नको. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत सेवेला जीएसटी लागत नाही, पण वही पहिल्या दिवसापासून ठेवा. सुलक्षा फोन आणि बिलं बघणार म्हणतोस, तर तिला दरमहा पगार लाव. घरचंच माणूस म्हणून फुकट राबवून घेऊ नको. विठूचा वाटाही लिहून ठेवा, आज गोडीत आहात तोवर. माडावर चढणार असाल तर नारळ विकास मंडळाचा केरा सुरक्षा विमा आहे, त्याची चौकशी कर. हे मात्र टाळू नको.

आईने दत्ताला सांगितलं आहे, तूही म्हापशाच्या बोडगेश्वराला नारळ ठेव.

तुझा बाबा

ता. क. काकी शुक्रवारी बाजाराला येतील, त्यांच्याबरोबर दोन पट्टे पाठवतो. माझ्यासारखे कमरेचे नाहीत, खांद्यापासून मांड्यांपर्यंतचे, नवे. विठूला घालून बघायला सांग. सैल झाला तर भोक पाडू नका, परत पाठवा, बदलून आणतो.