बॉरोडेलच्या अनोळखी माणसांचे आभार

लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात आम्ही मित्रमंडळी शनिवार-रविवार पायी हिंडलो. याच खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं गाव, वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर. दोन्ही दिवस पाऊस हटला नाही.

ओढा फुगला होता. मेंढ्या हाकत आलेल्या शेतकरी बाईंनी "इथून उतरू नका" म्हणून अडवलं आणि भर पावसात पुलापर्यंत स्वतः चालत आल्या. बाई, तुमचे उपकार विसरणार नाही. चहाच्या दुकानातल्या आजोबांनी आमचे निथळते मोजे शेगडीपाशी वाळत घातले. केझिकच्या बसचालक दादांनी आम्हाला धावत येताना पाहून गाडी थांबवून धरली.

रॉस्थवेटहून वॉटेन्डलाथच्या चढावर ज्यांनी दगड बसवून वाट बांधली, त्यांना तर आम्ही पाहिलंही नाही. माती वाहून जाते तिथे ते दगडच पायाला आधार देतात. किती कष्टाचं काम! तिथली डोंगर-बचाव पथकंही बिनपगारी स्वयंसेवकांची, देणग्यांवर चालणारी. आम्ही आमची वर्गणी पाठवली आहे. तिकडे जाणाऱ्यांनीही जरूर पाठवावी.