कपबशीचा आवाज

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी "काही होत नाही गं, झोप आता" एवढंच म्हणालो. ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं. म्हणून दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलोय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीआधी उलटी झाली, हात गार पडले, तोंडाला कोरड पडली, आणि "बाबा, मी या कामाची नाहीच," असं तू म्हणालीस. मुक्ता, हे सगळं मी अनुभवलंय आणि तुला कधी सांगितलं नाही. कपाटावरचं प्रमाणपत्र दाखवलं, त्याच्या आधीचं वर्ष दाखवलं नाही. ते चुकलंच माझं.

१९९४ साल. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, आपलं सांगलीचं भावे नाट्यमंदिर. पहिला अंक कसाबसा पार पडला. दुसऱ्या अंकात चहाचा कप घेऊन मला बहिणीसमोर यायचं होतं. विंगेतून बाहेर पाऊल टाकलं आणि कप बशीवर वाजायला लागला. किणकिण, किणकिण. प्रेक्षागृहात चिडीचूप. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय अशी माझी खात्रीच झाली. सगळं लक्ष त्या बशीवर गेलं आणि पुढचं वाक्य पुसलं गेलं. प्रॉम्प्टरने दोनदा वाक्य दिलं. ऐकू येत होतं, पण त्याचा अर्थच लागेना. बहिणीचं काम करणाऱ्या ताई शांतपणे उठल्या, माझ्या हातातली कपबशी घेऊन टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, वहिनीचं पत्र आलं ना?" हे वाक्य संहितेत नव्हतं. पण त्याचं उत्तर म्हणजेच माझं हरवलेलं वाक्य होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी रुळावर आली.

घरी आल्यावर तुझ्या आईला विचारलं, "कपाचा आवाज फार येत होता का?" ती तिसऱ्या रांगेत होती. म्हणाली, "कसला आवाज? तू बायकोच्या आठवणीने गप्प झालास असं वाटलं. छान होती ती जागा."

हे लक्षात ठेव. आतली धडधड आपल्याला जेवढी ऐकू येते, त्याच्या पाव हिश्शानेही समोरच्याला दिसत नाही. काळजाचा ठोका तिकीट काढून आलेल्याला ऐकू जात नाही.

हात गार का पडतात तेही समजून घे, म्हणजे त्याची दहशत कमी होईल. संकट आलं असं वाटलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून बोटं गार. पचनाचं काम मागे पडतं म्हणून तोंड कोरडं आणि पोटात ढवळाढवळ. शरीर तुला पळायला तयार करत असतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तुला पळायचं नाही, बोलायचं आहे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ दे. चार आकड्यांत घे, सात-आठ आकड्यांत सोड. विंगेत उभं राहून आठ-दहा वेळा कर. ठोका आपोआप उतरतो. त्या दिवशी चहा-कॉफी नको, पोट अगदी रिकामंही नको.

आणि हे फक्त नवख्यांचं दुखणं नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए, इंग्लंडच्या नॅशनल थिएटरचा पहिला संचालक, १९६४ मध्ये सत्तावन्न वर्षांचा होता. आयुष्यभर रंगमंचावर वावरलेला माणूस. त्या वर्षी त्याला या भीतीने असं घेरलं की पुढची काही वर्षं ती गेली नाही. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' करताना इयागोचं काम करणाऱ्या फ्रँक फिनलेला त्याने विनवलं होतं की तुझं काम नसेल तेव्हाही विंगेत मला दिसेल असा उभा राहा. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं हे वाटतं की त्याने मागितलं. एवढ्या मोठ्या नटाने सोबतच्याला सांगितलं, मला भीती वाटते.

तू कुणाला सांगितलंयस? माझा अंदाज, कुणालाच नाही. आज तालमीत तुझ्यासमोर काम करणाऱ्या मुलाला सांग. दिग्दर्शक मुलीलाही. त्यांना माहीत असेल तर एखादी जागा अडली की ते धरतील. मी ताईंना आधी सांगितलं असतं तर कपबशीच्या जागी सुरुवातीलाच पितळी पेला आला असता. दुसऱ्या वर्षी आम्ही तेच केलं.

दुसरं, हाताला काम दे. त्या प्रसंगात ती बाई काय करतेय? घड्या घालतेय ना? मग खरंच घाल. कडेला कडा जुळते का ते बघ. लक्ष घडीत आणि समोरच्याच्या डोळ्यांत असलं की स्वतःकडे बघायला उरत नाही. पहिल्या दोन पानांचं पाठांतर मात्र असं पक्कं कर की खोलीवर भांडी घासताना, मैत्रिणीशी मधेच बोलून परत सुरू करतानाही अडू नये. सुरुवातीच्या तीन मिनिटांत भीती सगळ्यात जास्त असते, तिथे जिभेला वाट ठाऊक हवी.

त्या मैत्रिणीने देऊ केलेली 'धडधड थांबवायची गोळी' घेऊ नकोस. हे मी बाप म्हणून हक्काने सांगतो. तुला लहानपणापासून दमा आहे, आणि त्या जातीच्या काही गोळ्यांनी श्वासनलिका आवळल्या जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

पुरुषोत्तमच्या प्रयोगाला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात आरोळ्या किती घुमतात ते मला माहीत आहे. "आवाज कुणाचा" सुरू झालं की छातीत धस्स होईल. होऊ दे. शक्य झालं तर गर्दी आत यायच्या आधी पाच मिनिटं रिकाम्या रंगमंचावर उभी राहा, शेवटच्या खुर्चीकडे बघून एक वाक्य म्हण. जागेशी ओळख झालेली बरी.

आम्ही दोघं शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतोय. तू पुढे बसू नका म्हणालीस, तर मागे बसू. आईने मेतकूट आणि तूप बांधून ठेवलंय, दुपारी मऊ भातावर घालून खा. इनहेलर मेकअपच्या पिशवीत टाकू नकोस, विंगेत कुणाच्या तरी हातात देऊन ठेव.

तुझा,
बाबा