नाताळच्या खेळासाठी मराठी उपशीर्षकं करायची आहेत : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आपल्या फिल्म सोसायटीने 'ब्लास्ट ऑफ सायलेन्स' (१९६१) दाखवला. ७७ मिनिटांचा, कृष्णधवल. फ्रँकी बोनो हा सुपारी घेणारा मारेकरी ऐन नाताळात क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला येतो. रॉकफेलर सेंटरची रोषणाई, सजलेली दुकानं, आणि त्या गर्दीतून एकटाच चालणारा, अनाथाश्रमात वाढलेला हा माणूस. त्याला नाताळचा मनापासून तिटकारा. तरी एका पार्टीत त्याला नाकाने शेंगदाणा ढकलत न्यायच्या शर्यतीत उतरावं लागतं. तो जमिनीवर ओणवा झाला तेव्हा आपल्या सभागृहात हसू फुटलं आणि लगेच विरलं. ॲलन बॅरन यांनी दिग्दर्शनही केलं आणि फ्रँकीही रंगवला. इतका चांगला चित्रपट इतकी वर्षं फारसा कुणी पाहिला नाही, याची हळहळ वाटते.

चित्रपटभर एक घोगरा आवाज फ्रँकीशी बोलत राहतो, थेट त्यालाच उद्देशून. तो कळला नाही तर चित्रपट निम्माच पोचतो, आणि नेमका तोच अनेकांच्या डोक्यावरून गेला. खेळ सुटल्यावर कॉलेजची काही मुलं दाराशी थांबली होती. "तो मागून सारखं काय सांगत होता?" आम्हाला धड सांगता आलं नाही. उपशीर्षकांचा विचार आधीच करायला हवा होता, ही चूक आमची.

यंदा नाताळच्या आधीच्या शनिवारी हाच चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवायचा आहे. सभागृहाचं भाडं वर्गणीतून निघेल. प्रदर्शनाचे हक्क आणि उपशीर्षकं बसवण्याचं तांत्रिक काम यांसाठी मात्र पैसे कमी पडतात. ज्याला जे जमेल ते द्यावं, शंभर रुपयेही मोलाचे आहेत. देणगी सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी स्वीकारली जाईल, पावती मिळेल.

पैशांइतकीच भाषेची मदत हवी. पडद्यावर एका वेळी जेमतेम दोन ओळी मावतात. त्या आवाजातलं 'तू' कुठे मायेचं, कुठे डिवचणारं, हे त्या दोन ओळींत आणू शकणारे तीन-चार जण हवे आहेत. बोलीची जाण असलेल्यांनी जरूर यावं.

तो आवाज लायनेल स्टँडर यांचा, निवेदनाचं लेखन वॉल्डो सॉल्ट यांचं. दोघंही हॉलिवूडच्या काळ्या यादीतले, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारलं जाई त्यांच्यापैकी. त्यामुळे पडद्यावर स्टँडर यांचं नाव नाही, सॉल्ट यांचं आहे ते टोपणनाव. आपल्या पत्रकावर दोघांचीही खरी नावं ठळक छापणार आहोत. त्याखाली देणगीदारांची आणि भाषांतरकारांची.

आपली,
कार्यकारिणी