नवं समूहगीत आणि छताचे पंखे

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की बडोद्यात मराठी उपासनागीतांच्या तालमी रंगतात. चर्चच्या संगीत महोत्सवात एखादी रचना पहिल्यांदाच गायची असेल, तर घोटाळा सुरांआधी शब्दांत होतो. ‘ख्रिस्त’ लांबवताना सोप्रानोचा (बायकांचा उंच आवाज) ‘स्त’ आधी सुटतो, बासचा (पुरुषांचा खालचा आवाज) मागून. ऐकणाऱ्याला तीन-चार ‘त’ टपटपल्यासारखे वाटतात. स्वर ‘ख्रि’वर धरावा आणि ‘स्त’ कितव्या मात्रेला सोडायचा, ते प्रत्येकाच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहावं. ‘चरण’मधला च वेगळा, ‘चांगला’मधला वेगळा, गुजराती बोलणाऱ्या गायकांना हा फरक आधीच गाऊन दाखवावा लागतो.

वाद्यांशिवाय चार भागांत गाताना पाच मिनिटांत सूर अर्ध्या पट्टीने उतरणं नेहमीचंच. तबला काळी एकमध्ये, मंडळी पांढरी एकवर. तबला मध्येच शिरला की पितळ उघडं! तालमीचा निम्मा वेळ पेटी बंद ठेवावी, कडवं संपलं की एकच सूर दाबून पाहावा. टेनर (पुरुषांचा उंच आवाज) संख्येने कमी असतात, त्यांना कडेला नव्हे, मध्ये उभं करावं.

रिकाम्या चर्चमध्ये ठरवलेली लय भरल्या चर्चमध्ये जरा वाढवता येते, कारण माणसं आवाज शोषतात. पंखे मात्र बंदच हवेत: हळुवार ओळ त्यांच्या घरघरीत बुडते, कागद उडतात ते वेगळंच. (हे दरवर्षी सांगावं लागतं.) श्रोत्यांना शब्दांची छापील प्रत द्यावी. आणि जमलं तर रचना त्याच संध्याकाळी दोनदा गावी.

– काही समूहगायक, बडोदे