तालमीसाठी जागा हवी आहे : सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीत गेली नऊ वर्षे आम्ही संहितेशिवाय नाटक करतो आहोत. पडदा उघडतो तेव्हा आज काय घडणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसते. प्रेक्षकांतून कुणी एक शब्द देतो, कुणी ठिकाण सांगतो, कुणी नाते सुचवतो आणि तिथल्या तिथे प्रवेश उभा राहतो. 'हळद', 'एसटी स्टँड', 'मामा-भाचा' एवढ्या शिदोरीवर वीस मिनिटांचा फार्स होतो. लोक पोट धरून हसतात आणि घरी जातात. तो फार्स पुन्हा कधीच होत नाही. शहरांतली तरुण मंडळी याला इम्प्रोव्ह म्हणतात, आम्ही उत्स्फूर्त नाटक म्हणतो.

ज्या हॉलमध्ये ही नऊ वर्षे गेली, ती इमारत आता पाडून नवी बांधायची आहे. उन्हाळ्यात आम्ही किल्ल्या परत केल्या. मालकांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्यांनी इतकी वर्षे नाममात्र भाडे घेतले आणि दिवाळीला फराळही पाठवला. पण तेव्हापासून आम्हाला छप्पर नाही. सध्या रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत आमराईत झाडाखाली तालीम चालते. पाऊस आला की तालीम बंद. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तर काहीच होत नाही, कारण संध्याकाळी सातनंतर कामावरून सुटलेल्या वीस माणसांना उभे राहायला जागाच नाही. म्हणून हे आवाहन.

आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा : "आधी काही ठरवलेलंच नसतं, मग तालीम कसली करता?" हा प्रश्न सांगलीत विचारला जावा याचे आम्हाला खरे तर नवल वाटते. आपल्या भागात तालीम हा शब्द नाटकवाल्यांच्या आधी पैलवानांचा आहे. आखाड्यात समोरचा कोणता डाव टाकणार हे कुणी लिहून देत नाही. तरीही पैलवान पहाटे उठून रोज लाल मातीत घाम गाळतो, कारण डाव आठवायला मैदानात वेळ नसतो, तो अंगातच असावा लागतो. मिरजेत ज्यांनी गवयांचा रियाझ ऐकला आहे त्यांना तर हे सांगायलाच नको. मैफलीतला आलाप आयत्या वेळचा असतो, पण त्यामागे वर्षानुवर्षांचे सकाळचे तास असतात.

आमच्या तालमीत पाठांतर नसते, सवयी असतात. पहिली सवय 'हो, आणि' म्हणण्याची. समोरचा म्हणाला, "काकी, तुमच्या म्हशीनं आमचा पासबुक खाल्ला," तर "माझ्याकडे म्हैसच नाही" असे म्हणायचे नाही. तसे म्हटले की प्रवेश तिथेच मेला. काकींनी म्हणायचे, "खाल्ला? तरीच सकाळपासनं दूध देताना सही मागतीया." समोरच्याने दिलेले आधी घ्यायचे, मग त्यात आपली भर घालायची. ऐकायला सोपे वाटते, पण अंगवळणी पडायला दोन वर्षे जातात. आपण सगळेच आयुष्यभर 'नाही, पण' म्हणत मोठे झालेलो असतो. दुसरी सवय ऐकण्याची. आपले पुढचे वाक्य मनात जुळवत बसलेला नट समोरच्याचे ऐकत नाही, आणि ते प्रेक्षकाला लगेच कळते. तिसरी सवय सोबत्याला वाचवण्याची. कुणी अडखळला तर पाहत राहायचे नाही, आत शिरायचे. या तिन्ही सवयी एकट्याने घरी आरशासमोर लागत नाहीत. त्यासाठी माणसे लागतात आणि माणसांना जागा लागते.

ही कला बाहेरून आलेले खूळ आहे असे काहींना वाटते. त्यांचा मान राखूनच सांगतो, सांगलीत तरी असे म्हणू नये. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. मराठी रंगभूमी दिन आपण त्याच तारखेला साजरा करतो. त्या नाटकात काय होते ते मात्र आपण विसरलो. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे न्यायचा आणि पदांच्या मधली भाषणे पात्रे आपल्या मनाने, त्या वेळी सुचेल तशी करायची. विदूषक आणि सूत्रधार यांची थट्टामस्करीही रंगायची. म्हणजे आपल्या रंगभूमीचा पहिला गद्य संवाद कुणी लिहिलेला नव्हता, तो नटांच्या तोंडून तिथल्या तिथे निघाला होता. पुढे १८६०नंतर छापील संहितेची नाटके आली. लोक त्यांना 'बुकिश' नाटके म्हणत. त्या नाटकांनी मराठीला फार मोठे वैभव दिले यात शंका नाही, पण नटाचे आयत्या वेळी बोलणे त्यात मागे पडले.

ते पूर्ण संपले मात्र नाही. नाट्यगृहांतून बाहेर पडून ते तमाशाच्या फडात टिकले. गण झाला, गवळण झाली, की वगाच्या आधी बतावणी. सोंगाड्या आणि सरदार यांची ही जुगलबंदी साच्याने ठरलेली असे, पण शब्द त्या रात्रीचे असत. ज्या गावात जत्रा, तिथली भांडणे, तिथला पाऊस, पुढच्या रांगेतला फेटेवाला, सगळे बतावणीत यायचे. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, याच मातीत वाढले. आमच्यातल्या दोघा-तिघांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांना पाहिले आहे. त्या आठवणी ते सांगतात तेव्हा तालीम थांबते आणि आम्ही नुसते ऐकत बसतो.

परदेशातही ही वाट अशीच लहान खोल्यांतून गेली. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी वस्तीतल्या, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना अभिनय शिकवण्यासाठी खेळ तयार केले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ साली तिथल्या 'सेकंड सिटी' या मंडळीच्या संस्थापकांत होता. कॅनडात कॅलगरी शहरात कीथ जॉन्स्टन यांनी उत्स्फूर्त नाटकाचे सामनेच लावले, दोन संघ आणि गुण देणारे परीक्षक. आम्ही स्पोलिन यांचे खेळ वापरतो आणि बतावणीही करतो. दोन्हींत आम्हाला भांडण दिसत नाही.

आता २०१९ची एक गोष्ट सांगतो. या आवाहनामागे खरे तर तीच आहे.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची. अर्धे शहर पाण्यात होते. आमच्यातल्याही पाच जणांची घरे बुडाली. पाणी ओसरायला लागल्यावर पूरग्रस्तांच्या एका छावणीतून निरोप आला, की मुले फार गप्प बसून आहेत, येऊन काही करता का? आम्ही सहा जण गेलो. शाळेच्या वर्गात पन्नासेक मुले होती. नेहमीप्रमाणे आम्ही विचारले, "कुठली जागा दाखवू?" बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आठ-नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "आमचं घर. पाणी यायच्या आधीचं."

आम्हाला क्षणभर काय करावे सुचेना. पण दिलेले घ्यायचे, ही सवय. आमच्यातली एक जण पुढे झाली आणि तिने दार उघडून आत पाऊल टाकल्याचा अभिनय केला. मुलगी ओरडली, "अवो, तिथनं नका जाऊ, तिथं भिंत हाय! दार हिकडं!" सगळी मुले हसली. त्या छावणीत आम्ही ऐकलेले ते पहिले हसू. मग ती मुलगी उठून आमच्यात आली आणि तिनेच घर लावायला घेतले. आजीची खाट इथे, गॅस तिथे, टीव्हीवर कापड, शेळी मागच्या दाराला. कुणी खाटेतून चालत गेला की पोरे त्याला परत पाठवायची. आम्ही ठेवलेला तांब्या तिने उचलून बरोबर जागी ठेवला. अर्ध्या तासात रिकाम्या वर्गात एक घर उभे राहिले आणि पन्नास मुलांना ते दिसत होते. दारात तिची आजी उभी होती. ती पदराने डोळे पुसत हसत होती आणि म्हणाली, "शेळीचं दावं डावीकडं हुतं."

त्या दिवशी आमच्याकडे नेपथ्य नव्हते, प्रकाशयोजना नव्हती, लिहिलेला एक शब्द नव्हता. होत्या त्या फक्त तालमीत लागलेल्या सवयी. त्या अंगात नसत्या तर त्या मुलीच्या वाक्यापुढे आम्ही घाबरून दुसरी जागा मागितली असती.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी शाळांत, वृद्धाश्रमांत, मतिमंद मुलांच्या संस्थांत विनामूल्य जातो. तिकीट लावून प्रयोग होतात ते महिन्याला एक. त्यातून प्रवासखर्च निघतो, भाडे निघत नाही. बहुतेक नाट्यस्पर्धांत आणि अनुदानाच्या अर्जांत संहितेची प्रत जोडावी लागते, आणि आमच्याकडे जोडायला प्रतच नसते. त्यामुळे आमचा खरा आधार प्रेक्षकच आहे. मंडळीत हळदीच्या पेढीवरचे कारकून आहेत, परिचारिका आहेत, दोन शिक्षिका, एक रिक्षावाले काका, इंजिनिअरिंगची मुले, एक निवृत्त बँक अधिकारी. शिकायला येणाऱ्याकडून आम्ही फी घेत नाही आणि पुढेही घेणार नाही.

आम्हाला हवे आहे ते असे. साधारण पाचशे-सहाशे चौरस फुटांचा एक मोकळा हॉल, मध्ये खांब नसलेला. पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर, कारण तळमजल्याचे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. स्वच्छतागृह असायलाच हवे. आमच्यात निम्म्या मुली आणि बायका आहेत, आणि या एका गोष्टीअभावी चांगल्या अभिनेत्री येणे बंद करतात हा आमचा अनुभव आहे. रस्ता रात्री साडेनऊला उजेडाचा असावा. गावभाग, वखारभाग, विश्रामबाग, मिरज रस्ता, कुठेही चालेल. संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढाच वेळ हवा. दिवसा तिथे शिकवणी, योगवर्ग, गोदाम काहीही असले तरी आमची हरकत नाही.

अशी एक जागा आम्ही पाहून ठेवली आहे. अनामत रक्कम एक लाख रुपये आणि भाडे महिना अकरा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख बत्तीस हजार. सतरंज्या, पंखे, साधे दिवे आणि एक कपाट यांसाठी त्रेचाळीस हजार. मिळून दोन लाख पंचाहत्तर हजार रुपये. यातले चौसष्ट हजार आम्ही आपापसांत जमवले आहेत. उरलेल्यासाठी आपल्याकडे हात पसरतो आहोत.

शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल. कुणी वर्षभर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची तयारी दाखवली तर आम्हाला ते एकरकमी देणगीइतकेच मोलाचे आहे, कारण भाडे दर महिन्याला येते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, पण आयकरात सूट देणारे ८०-जी प्रमाणपत्र आमच्याकडे अजून नाही. देणगीवर करसवलत मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. जमाखर्च दर महिन्याला तालमीच्या जागेत दाराशी लावला जाईल. यात ज्यांनी नाव नको म्हटले त्यांचे नाव येणार नाही.

पैसे देणे जमणार नसेल तरी देण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, वापरात नसलेला पंखा. सुतारकाम, वायरिंग जाणणाऱ्याचा एक रविवार. पूर्वी तमाशात किंवा दशावतारात काम केलेले कुणी आजोबा-आजी आपल्या माहितीत असतील तर त्यांच्यापर्यंत आम्हाला न्या. बतावणी कशी बांधतात हे त्यांच्याकडून शिकायचे आहे, आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही.

जागा वेळेत मिळाली तर ५ नोव्हेंबरला तिथे पहिला प्रयोग करायचा आहे, तोही विष्णुदासांच्या रीतीने. एक गाणारा सूत्रधार, एक विदूषक, कथा सगळ्यांना ठाऊक असलेली आणि भाषणे त्या वेळी सुचतील ती. देणगीदारांना वेगळ्या राखीव खुर्च्या नसतील. जो आधी येईल तो पुढे बसेल.

देणगी किंवा वस्तू द्यायची असेल, नुसते पाहायचे असेल किंवा शिकायला यायचे असेल, तर रविवारी सकाळी आमराईत या. पावतीपुस्तक तिथेच असते. आपल्या ओळखीत हॉल असेल तर तोही तिथेच सांगा. त्याच दिवशी टेप घेऊन पाहायला येतो. आल्यावर एकच गोष्ट विचारू : २०१९ला पाणी कुठपर्यंत आले होते?