विषय: आपल्या मंगळपटाची ढिसाळ पटकथा आणि जाहिरातीतला ‘शास्त्रशुद्ध’ हा दावा

प्रति,
व्यवस्थापक,
चित्रपट निर्मिती विभाग

महोदय,

गेल्या शनिवारी आपला नवा मंगळपट मोठ्या पडद्यावर पाहिला. दिसायला तो अप्रतिम आहे, हे आधीच मान्य करतो. मावळत्या सूर्याभोवती निळसर झाक उमटली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. मंगळावरचा सूर्यास्त खरोखरच तसा निळसर असतो. एवढा अभ्यास केलेला दिसला, म्हणूनच पुढे जे पाहिलं त्याचा फार त्रास झाला.

सुरुवातीलाच नायिका लेकीला समजावते, की इथून निघालेला निरोप पृथ्वीवर पोचायला २० मिनिटं लागतात. हे बरोबर आहे. दोन ग्रहांमधलं अंतर कमीजास्त होतं, तसा हा वेळ साधारण ३ ते २२ मिनिटांपर्यंत बदलतो. सगळी गोष्ट त्या २० मिनिटांतच होती. आईने एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी ४० मिनिटं जीव मुठीत धरून बसायचं! पण शेवटी, टाकीतला प्राणवायू संपत आलेला असताना, मायलेकी एका खोलीत बसल्यासारख्या बोलतात. इकडून वाक्य, तिकडून लगेच उत्तर. पटकथा वाचताना, चित्रीकरणात, संकलनाच्या टेबलावर, एकालाही हे खटकलं नाही?

लेक आजारी असल्याचं कळतं तो प्रसंग घ्या. कॅमेरा हेल्मेटच्या काचेपाशी जातो. काचेत तारे सुरेख उमटलेत, आतले डोळे मात्र कोरडे, आधीच्या दृश्यात होते तसेच. वर ती मोठ्याने म्हणते, “मला खूप भीती वाटतेय.” ही भीती आम्हाला त्या चेहऱ्यावर दिसायला हवी होती. अर्थात सगळा दोष अभिनेत्रीचा नाही. मोकळ्या हिरव्या पडद्यासमोर उभं करून हातात असली वाक्यं दिली, तर कसलेला नटही अडखळेल.

पैसा आणि तंत्र कमी पडलं, असं तर म्हणता येणार नाही. क्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा ‘ला जते’ हा २८ मिनिटांचा विज्ञानपट जवळजवळ पूर्ण स्थिर छायाचित्रांचा आहे. त्यात एकदाच, झोपलेली बाई डोळे उघडते तेव्हा, चित्र हलतं. तेवढ्याने अंगावर काटा येतो, कारण त्या क्षणापर्यंत गोष्टीने आपल्याला तिच्यात गुंतवलेलं असतं.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पोस्टरवरचा ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द काढावा, कारण चित्रपटाने स्वतःच सांगितलेला नियम स्वतःच मोडला आहे. आणि या मालिकेतल्या पुढच्या भागाची घोषणा आपण केलीच आहे, तर त्याचे सेट उभे राहण्याआधी पटकथा एखाद्या अनुभवी लेखकाकडून तपासून घ्यावी. या दोन्हींबाबत काय ठरलं ते लेखी कळवावं.

आपला,
एक विज्ञानपटप्रेमी प्रेक्षक