ती भिंत अडीचची होती

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मन्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. रागव, तुझा हक्कच आहे. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो, एवढंच. पण आज आपल्या क्वांटम टनेलिंगच्या प्रोग्रॅमबद्दल, ऊर्जा कमी असूनही काही कण भिंतीपार कसे जातात ते दाखवणाऱ्या, लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले. त्यांवर आपली जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा, पायथन २, टाकू देत नाहीत, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. म्हणून सुट्टीत सगळं पायथन ३ वर आणलं. प्रत्येक प्रिंटला कंस घाल, खिडक्या-बटणं नव्या क्यूटीत बसव, अशी चार दिवस हमाली. शेवटी लाट हलली! निळा डोंगर डावीकडून आला, भिंतीवर आपटला, मागे फिरला. पलीकडे मात्र उंचवटा जेमतेम दिसेल एवढाच.

कोपऱ्यातला मारुती पाहिला. १.०००. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात, तसा आपण एकूण संभाव्यतेचा, म्हणजे कण कुठे ना कुठे सापडण्याचा, आकडा तिथे ठेवला होता. तो हलला नाही की सगळं बरोबर, असंच धरून चाललो. पण लाट पायरीपायरीने पुढे सरकवायची आपली क्रँक-निकल्सन पद्धत, तिच्यात तो हलतच नाही रे, भिंत चुकीची असली तरी!

दोन रात्री शोधलं. भिंतीची रुंदी ५/२ लिहिली होती, मीच. पायथन २ पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून देतं. अडीचचे दोन झाले आणि इतकी वर्षं दोनच राहिले. एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) आणि वस्तुमान १, भिंतीची उंची १, ऊर्जा ०.५. दोनच्या भिंतीतून सुमारे ७ टक्के कण पार जातात, अडीचच्या भिंतीतून २.७.

जवळजवळ पावणेतीन, मन्या. मिसळीच्या बिलामागे तू हाताने काढलेलं तेच उत्तर. मी म्हणालो, "रस्सा डोक्यात गेलाय तुझ्या." तू तीन आठवडे बोलला नाहीस. तर्री तेव्हाही तुला झेपायची नाही, पण गणित तुझंच बरोबर होतं.

तुझी माफी मागता येते. टी.वाय.च्या पोरांचं काय करू? दरवर्षी त्यांना सात टक्केच दाखवले. एका मुलीने जर्नलमध्ये स्वतः काढून २.६६ लिहिलं होतं. मी लाल पेनाने गोल केला, शेजारी लिहिलं, 'स्क्रीनवर पुन्हा पाहा.' तिने खोडून ७ केलं. ते खोडलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. तिचा नंबर मिळवतोय.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

आणि ऐक, ते बिल तू वहीत घडी घालून ठेवलं होतंस. सापडलं तर फोटो पाठव, तेलाच्या डागासकट. मंगळवारी वर्गात जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी-शेजारी लावणार आहे. त्याआधी तेच दाखवायचंय.

तुझाच,
पद्या